दुधाच्या साच्यावरची राखणी

"मी झोपले नव्हते. खरंच सांगते. बसून बसून पायाला मुंग्या येतात म्हणून क्षणभर उठते, एवढंच. पण माझं खरं मानणारं या घरात कुणी नाही."

असं राखणी म्हणाली आणि खाली मान घालून बसली. कुणी तिचं ऐकून घेतलं नाही. ही राखणी कोण, तिचं घर कुठलं आणि नुसतं उठण्यात एवढं लाजण्यासारखं काय होतं, ते आता सांगते. मुलांनो, नीट ऐका. मध्ये बोलू नका.

मोहाची झाडं दाट असलेल्या एका जंगलात एक हरिणी आणि तिचं पाडस राहत. गोष्ट त्या दोघांची नाही. पाडसाच्या पोटात, आतड्याच्या वळणावळणांत, डोळ्यांना न दिसणारे जंतू राहत, त्यांची आहे. जंतू म्हटलं की तुम्ही तोंड वाकडं करता, ते मला ठाऊक आहे. करू नका. सगळेच जंतू रोगाचे नसतात. कितीतरी जण पोटात गुपचूप राहतात, मिळेल ते खातात आणि वस्ती वाढवतात. तुमच्याही पोटात आहेत, आत्ता, हे वाचताना.

एक जंतू म्हणजे एक घर समजा. घर एवढंसं, पण आत कामकऱ्यांची ही गर्दी. घरात साचे असतात. साचा तुम्ही पाहिलाय, मोदकाचा असतो, करंजीचा असतो. मोदकाच्या साच्यातून करंजी निघत नाही. तसंच त्यांचंही. ज्या वस्तूचा साचा, तीच वस्तू कारागीर त्यातून काढतात. पण सगळे साचे सदानकदा चालवायचे नसतात. वस्तू काढायला साखर जळते, ताकद लागते. नको असलेल्या वस्तू काढत बसलं तर घर भुकेकंगाल होतं.

आता साखर. ती दोन तऱ्हेची. एक सुटी साखर. दारातून आली, तोंडात टाकली, संपली. दुसरी जोडसाखर, ती दुधात असते. तिचे दोन दाणे एकमेकांना असे घट्ट चिकटलेले, की ती नेहमीच्या दारातून शिरतच नाही. तिला वेगळं कवाड लागतं. आत आली तरी अडकित्त्यानं फोडावी लागते, मग खाता येते. कवाड आणि अडकित्ता, दोन्ही एकाच साच्यातून निघतात. तो दुधाचा साचा. त्या साच्यावर राखणी बसे.

बसणं हेच तिचं काम होतं. हसू नका. ती बसलेली असली की कारागिरांना साच्याला हात लावता येत नसे, आणि फुकटचे अडकित्ते निघत नसत. दूध आलं, अडकित्त्याखाली जोडसाखर फुटायला लागली, की तिचा चुरा उडे. तो चुरा राखणीच्या ओंजळीत पडला, की तिला साच्यावर बसवतच नसे. ती उठे आणि साचा मोकळा होई. दूध संपलं, चुरा संपला, की पुन्हा ठिय्या. कुणी सांगायला नको, कुणी विचारायला नको.

तिच्या जोडीला एक भुक्या होता. सुटी साखर भरपूर असली की हा कोपऱ्यात लोळे. सुटी साखर संपली, की येऊन दुधाच्या साच्याशेजारी उभा राही आणि कारागिरांच्या नावानं ओरडायला लागे. राखणी उठलेली आणि भुक्या ओरडतोय, असं दोन्ही जमलं तरच साचा धडाधड चाले. एकट्या एकाचा फारसा उपयोग नाही.

आणि आता लाजेची गोष्ट. दूध नसतानाही राखणी मधूनच उठे. कशाला उठे, तिलाही ठाऊक नव्हतं. पायाला मुंग्या येत, ती उभी राही, पाय झटके आणि परत बसे. तेवढ्यात एखादा कारागीर सवयीनं साच्याला हात लावी आणि एक अडकित्ता, एक कवाड काढून मोकळा होई. कवाड भिंतीत बसवून टाकत, ते कुणाच्या नजरेत येत नसे. अडकित्ता मात्र राखणी पदराखाली दडवून ठेवी, जुना झिजून गेला की नवा. आपल्या हातून पुन्हा पुन्हा चूक होते, आपण नीट बसू शकत नाही, असं तिला वाटे. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या साली नाल्याकाठी रानकुत्र्यांची टोळी उतरली. हरिणीनं पाडसाला उंच गवतात दडवलं.

"इथून हलायचं नाही," ती म्हणाली. "मी त्यांना माझ्या मागे लांब नेते."

"आणि मला भूक लागली तर?"

"झाडाखाली मोहाची फुलं पडलीत, ती खा. तुला दात आलेत आता. दुधासाठी रडलास तर ते ऐकतील."

हरिणी गेली. पाडसानं मोहाची फुलं खाल्ली. पहिल्यांदा नाक मुरडलं, मग चटक लागली. मोहाचं फूल म्हणजे नुसती सुटी साखर. पोटातल्या वस्तीत तर सण आला. दाराशी साखर, ओट्यावर साखर. भुक्या कोपऱ्यात पडून राहिला. खाऊनपिऊन घरं फुगायला लागली.

या जंतूंचं घर फुगलं की लांबतं, मध्ये कंबर पडते आणि एकाची दोन घरं होतात. त्याला ते वाटणी म्हणतात. आपल्याकडे वाटणी म्हटली की भांडणं. त्यांच्याकडे तो मानाचा दिवस. ज्या घराची वाटणी आधी, त्याचा मान मोठा. पाडसाचा एक दिवस उजाडून मावळेपर्यंत त्यांच्या कितीतरी वाटण्या होतात, कितीतरी पिढ्या जातात. त्यामुळे मोहाच्या त्या थोड्याशा दिवसांत असं झालं, की दूध पाहिलेलं वस्तीत कुणी उरलंच नाही. दूध म्हणजे ऐकीव गोष्ट झाली.

राखणी ज्या घरात होती, त्या घराची कर्ती होती थोरली. कामाला वाघीण. कण वाया जाऊ द्यायची नाही. ओटा पुसलेला, साचे झाकलेले, कारागीर रांगेत. शेजारच्या घरांत नवीन कामकरी आले की त्यांना सांगत, "थोरलीच्या घरी जाऊन बघा, घर कसं चालवतात ते." ती हे ऐकायची आणि न ऐकल्यासारखं करायची, पण ऐकायची.

त्या घराची वाटणी निघाली. शेजारची घरं भिंतीला भिंत लावून बघायला जमली. अर्धं घर घेऊन थोरलीची बहीण धाकटी निघणार होती. वाटणीत सगळ्या साच्यांची नक्कल काढावी लागते, म्हणजे दोन्ही घरांना साचे मिळतात. दुधाच्या साच्यापाशी आल्यावर कारागीर म्हणाले, "राखणीबाई, जरा बाजूला व्हा."

राखणी बाजूला झाली. पदर सरकला आणि अडकित्ता खणकन खाली पडला.

 थोरलीनं तो उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आहे?"

राखणीनं पदर सावरला. कोपऱ्यातून भुक्या म्हणाला, "अडकित्ता आहे बाई. दुधाचा."

"तुला कुणी विचारलं? तू लोळ." थोरली राखणीकडे वळली. "दूध आलंय का गं आपल्याकडे?"

"नाही, थोरल्या बाई."

"कधी येऊन गेलं?"

"माझ्या देखत नाही."

"माझ्या आजीच्या आजीनं पाहिलं नाही. मग हा अडकित्ता आला कुठून? तू बसतेस ना साच्यावर? का बसल्या बसल्या घोरतेस?"

बघायला आलेल्यांतून कुणीतरी हसलं. दुसरं कुणी म्हणालं, "नावाची राखणी." मग बरेच जण हसले.

तेव्हा राखणी ते बोलली, जे मी सुरुवातीला सांगितलं. मी झोपले नव्हते, पायाला मुंग्या आल्या, क्षणभर उठले. खरं होतं तेच बोलली. पण ऐकणाऱ्याला ते बहाण्यासारखं वाटलं. आणि तिचं तोंड असं पडलं होतं, की तिचं तिलाही ते बहाण्यासारखं वाटायला लागलं.

"अक्का, राहू दे की," धाकटी म्हणाली. "एकच तर आहे."

"एकाला साखर लागत नाही? असा एकेक करून घर बुडतं. एवढी माया येत असेल तर तू घेऊन जा तो. त्याच्याबरोबर निघालेलं कवाडही तुझ्याच अर्ध्याच्या भिंतीत गेलंय. माझ्या घरात नको हा पसारा."

"बरं, नेते," धाकटी म्हणाली. तिनं अडकित्ता ओटीत घेतला आणि आपल्या अर्ध्याबरोबर पलीकडे झाली. दोन घरांमध्ये भिंत उभी राहिली. तिच्याकडे तिची नवी राखणी बसली. तीही मधूनच उठायची, पाय झटकायची. धाकटीनं एकदा पाहिलं आणि कामाला लागली. तिला काही फार कळत होतं असं समजू नका. तिला तेवढी उसंतच नव्हती.

इकडे थोरलीनं कारागिरांना दोर आणायला सांगितला.

"बाई, बांधायचं काय त्यात," भुक्या पुटपुटला. "लाजलीय ती तशीही."

"लाजून पाय बसत नाहीत. दोरानं बसतात." आणि थोरलीनं स्वतःच्या हातानं राखणीला साच्याशी बांधून टाकलं. गाठीवर गाठ मारली. "आता बघू कशी उठतेस."

राखणीनं आपणहून हात पुढे केले. नको म्हणाली नाही. आता पुन्हा चूक होणार नाही, असं वाटून तिला थोडं बरंही वाटलं. एवढं वाईट असतं मुलांनो, चार लोकांत हसं होणं. बांधून घेतलेलं बरं वाटतं.

पुढे काही काळ थोरलीचं घर खरंच नमुन्याचं चाललं. एकसुद्धा फुकटचा अडकित्ता निघाला नाही. थोरली येताजाता गाठ चाचपून बघायची.

मग मोह संपला. झाडाखालची फुलं सुकली, राहिलेली अस्वलानं खाल्ली. पाडस गवतात पडून राहिलं. पोटातल्या वस्तीत सुटी साखर येईनाशी झाली. ओटे कोरडे पडले. भुक्या उठला, दुधाच्या साच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि कारागिरांच्या नावानं ओरडायला लागला.

"कशाला बोंबलतोस?" थोरली म्हणाली. "दूध आहे का?"

"मला काय माहीत बाई. भूक लागली की इथं येऊन ओरडायचं, एवढंच मला शिकवलंय."

"मग ओरड."

आणि त्याच सकाळी हरिणी परत आली. कान फाटलेला, पाय लंगडत, पण आली. रानकुत्रे डोंगरापलीकडे राहिले होते. पाडसानं तिच्या कासेला असं तोंड लावलं, की सुटेना.

"हळू पी," हरिणी म्हणाली. "मी कुठं जात नाही आता."

दूध पोटात उतरलं. वस्तीच्या दारादारांवरून जोडसाखरेचे लोट वाहायला लागले. धाकटीच्या घरात ते एक जुनं कवाड होतंच. त्यातून एक दाणा आत आला. ओटीतला तो अडकित्ता होताच. त्यानं दाणा फोडला. चुरा उडाला, राखणीच्या ओंजळीत पडला, ती उठली. भुक्या ओरडत होताच. साचा चालू झाला. आणखी कवाडं, आणखी अडकित्ते, आणखी दाणे. सुरुवातीला सगळे धापा टाकत होते, पोटात काही नव्हतं ना. पण जरा वेळानं घरात धूर निघायला लागला, कामकरी हसायला लागले.

थोरलीच्या घरावरूनही तेच दूध वाहत होतं. भिंतीला घासून जात होतं. पण दुधाचं कवाड नाही, तर दाणा आत कसा यावा? दाणा आत नाही, तर चुरा कशाचा? चुरा नाही, तर राखणीला कळवणार कोण? आणि कळलं असतं तरी ती बांधलेली. घर दुधात बुडालेलं आणि आत उपास. थोरलीला तर दूध आलंय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला ते धाकटीकडून कळलं.

धाकटी भिंतीपाशी आली. तोंडात घास होता.

"अक्का, जेवण झालं का? आमच्याकडे तर नुसती धांदल उडालीय. दूध आलंय गं. तू टाकलेला तो अडकित्ता नसता तर आमचं कठीण होतं. तुमच्याकडे चालतोय ना साचा? आवाज येत नाही म्हणून विचारलं."

आता थोरलीनं खरं सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की चालत नाही, मी दोर बांधलाय, काय करू सांग. धाकटीला काही ती पहिल्यांदा भेटत नव्हती, एका घरातून निघालेल्या दोघी. पण तिला तो खणकन पडलेला अडकित्ता आठवला. हसणारी शेजारीण आठवली. ज्या वस्तूला आपण सगळ्यांसमोर पसारा म्हटलं, तीच आता मागायची?

"चालतोय की," थोरली म्हणाली. "आम्ही आवाज न करता काम करतो. जेवणं झाली आमची."

"बरं झालं बाई," धाकटी म्हणाली आणि गेली.

भुक्यानं ऐकलं. कारागिरांनी ऐकलं. सगळे जमिनीकडे बघत राहिले. आपल्या घरची कर्ती खोटं बोलली की घरातल्यांनाच लाज वाटते. थोरलीनं कुणाकडे पाहिलं नाही. ती ओटा पुसायला लागली. ओटा कोरडाच होता.

घर उपाशी राहिलं की काय करतं ते सांगते. आधी बाहेरची वल्ही बंद करतं, ज्यांनी ते पोहतं. मग आतलंच मोडून खायला लागतं. थोरलीच्या घरातही कारागीर मोडायची पाळी आली. सगळ्यांत म्हातारा कारागीर स्वतःहून पुढे आला.

"बाई, माझ्यात अजून थोडं काही निघेल. बाकीचे जरा वेळ टिकतील."

"थांबा, काही तरी मार्ग निघेल," थोरली म्हणाली.

"मार्ग भिंतीपलीकडे आहे बाई. तुम्हाला जायचं नाही. म्हणून मी म्हणतोय."

थोरली पुन्हा ओटा पुसायला लागली. म्हातारा गेला. त्याच्यावर बाकीच्यांनी थोडा वेळ काढला. त्याला खाताना कुणी कुणाकडे बघितलं नाही, एवढंच सांगते. पुढचा कारागीर पुढे यायला निघाला, तेव्हा थोरली उठली. तिनं ओट्यावरचा फडका टाकला, साच्यापाशी गेली आणि गाठ सोडायला लागली. गाठीवर गाठ होती. तिची तिलाच सुटेना. शेवटी तिनं ती दातांनी सोडली.

दोर खाली पडला. सगळे राखणीकडे बघत राहिले.

राखणी उठली नाही.

"अगं ऊठ," थोरली म्हणाली.

"नाही उठत."

"सुटलाय तो दोर."

"दिसतंय मला."

"मग?"

"मी उठले की अडकित्ता निघतो," राखणी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "अडकित्ता निघाला की घरात पसारा होतो. मी नीट बसायला शिकलेय आता. मुंग्या आल्या तरी उठत नाही."

भुक्या ओरडायचा थांबला. त्याचा घसा बसला होता. "राखणे," तो म्हणाला, "म्हातारा गेला गं."

"मला माहीत आहे. तो माझ्या समोरून गेला. मला वाटलं तो माझ्यामुळे जातोय. मी एकदा उठले, घराचं एवढं नुकसान झालं, म्हणून ही वेळ आली, असं मी बसल्या बसल्या मोजत होते. मला दुसरं काही कुणी सांगितलंच नाही."

थोरली तिच्यासमोर खाली बसली. तिला वाटलं होतं राखणी रागावली आहे. रागाला उत्तर देता येतं. पण इथं राग नव्हताच. जिच्यामुळे घर जगणार होतं, ती स्वतःला घरबुडवी समजत बसली होती, आणि तसं तिला थोरलीनंच शिकवलं होतं.

"तुझी चूक नाही," थोरली म्हणाली. फार हळू म्हणाली.

"काय?"

"तुझी चूक नाही म्हटलं."

"हे तुम्ही मला एकटीला सांगताय," राखणी म्हणाली. "तेव्हा मात्र सगळी वस्ती होती. एकटीला सांगून माझे पाय उठायचे नाहीत, थोरल्या बाई. मी करून बघतेय. उठत नाहीत."

ती हट्टानं बोलत नव्हती. खरंच उठत नव्हते पाय. ज्याला सगळ्यांदेखत खाली पाडलं, त्याला कोपऱ्यात नेऊन उचलता येत नाही.

थोरली भिंतीपाशी गेली. जाताना दोनदा थांबली. भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि मग सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धाकटे, ऐक. शेजारच्यांनो, तुम्हीही ऐका. आमच्याकडे जेवणं झालेली नाहीत. मी खोटं बोलले. आमच्याकडे अडकित्ता नाही, कवाड नाही. राखणी झोपत नव्हती, ती उठत होती. तिच्या उठण्यानंच दूध कळतं, ते मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. मी तिला बांधलं."

 पलीकडून धाकटीचा आवाज आला, "अक्का, अगं वेडी का तू? मघाशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

कुणीतरी हसेल म्हणून थोरली वाट बघत होती. कुणी हसलं नाही. ते तिला हसण्यापेक्षा जड गेलं.

मागे साच्यापाशी राखणीनं एक पाय हलवला. पाय बधिर झाला होता, त्याला मुंग्यासुद्धा येईनात. भुक्यानं तिच्या काखेत हात घातला. ती अर्धी उठली, परत बसली, पुन्हा उठली. तेवढ्यात उरलेल्या कारागिरांनी साच्याला हात लावला. त्यांच्या अंगात ताकद होती ती एका खेपेपुरतीच. एक कवाड निघालं. एक अडकित्ता निघाला, तोही वाकडातिकडा. कवाड भिंतीत बसवलं. सगळ्यांनी श्वास धरला.

एक दाणा आत आला.

वाकडा अडकित्ता दोनदा घसरला. तिसऱ्यांदा दाणा फुटला. चुरा राखणीच्या ओंजळीत पडला आणि ती उभी राहिली, ताठ. भुक्या बसक्या आवाजात ओरडायला लागला. साचा चालू झाला. पहिला घास थोरलीनं कारागिरांना दिला, दुसरा राखणीला. स्वतः सगळ्यांत शेवटी जेवली. जेवतानाही मान खालीच होती.

घर वाचलं. पण मागे राहिलं ते राहिलं. थोरलीची पुढची वाटणी झाली, तेव्हा धाकटीच्या एका घराची गल्ली झाली होती. वाटणीला दोन्ही अर्ध्यांतले नवे कामकरी जमले. त्यांनी उपास पाहिला नव्हता, म्हातारा पाहिला नव्हता. त्यांतल्या एकीनं विचारलं, "आपण मागे का राहिलो? आपलं घर तर नमुन्याचं म्हणतात."

"मोह संपला होता ना," एक कारागीर म्हणाला.

"मीच उशिरा ओरडलो," भुक्या म्हणाला. ते खरं नव्हतं. तो वेळेवर ओरडला होता.

 राखणी साच्यावर बसली होती. मध्येच उठली, पाय झटकले, पुन्हा बसली. एक अडकित्ता निघाला, तो तिनं कुणापासून न लपवता शेजारी ठेवला.

मग थोरली पुढे आली.

"यांचं ऐकू नका," ती म्हणाली. "हे मला झाकतायत. झाकलं तर तुमच्यातली कुणीतरी उद्या पुन्हा दोर आणेल, कारण तोवर दूध पाहिलेलं कुणी उरलेलं नसेल. जे झालं ते सांगा, आणि नावासकट सांगा. प्रत्येक वाटणीला."

तेव्हापासून त्या वस्तीत घराची दोन घरं झाली, की भिंत उभी राहण्याआधी दोन्हीकडचे कामकरी एका आवाजात सांगतात. ते काय सांगतात, ते मी खाली लिहिते. पाठ करा. तुमच्याही उपयोगाचं आहे.

तात्पर्य : कुणाचं वागणं चुकीचं दिसलं, तर ते कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय त्याला बांधू नये. बांधलं असेल, तर लाजेपोटी दोर तसाच ठेवू नये. आणि ज्याला चारचौघांत दोष दिला, त्याची क्षमा चारचौघांतच मागावी. दूध दाराशी असताना आपलं घर उपाशी राहिलं, म्हातारा कारागीर गेला. त्यात मोहाचा दोष नाही, भुक्याचा नाही, राखणीचा नाही. जिनं दोर बांधला, तिचं नाव थोरली.